प्लेगचा आकडा कुणी मोजला, ते आधी शोधा

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. १८९६-९७ च्या प्लेगवर तुम्हाला पुरवणीसाठी लेखमाला लिहायची आहे. मुंबईतल्या मृतांचे तीन ठिकाणी तीन आकडे सापडले. पुण्यातल्या घरझडतीबद्दल एक मजकूर सांगतो की अत्याचार झाले, दुसरा सांगतो की ते आरोप मागे घेतले गेले. शिवाय पणजोबांचे दोन भाऊ ‘गाठीच्या तापाने’ एकाच आठवड्यात गेले असं घरात ऐकलंय, त्याची नोंद कुठे मिळेल हेही विचारलंय. आणि शेवटी, “यातलं खरं कुठलं धरू?”

मी बावीस वर्षं प्लेगच्या कागदांत काम करते आहे. बराचसा वेळ काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखात गेला, काही पुण्याच्या पेशवे दफ्तरात. त्या अनुभवावरून सांगते, तीन आकड्यांतला एक खरा आणि बाकीचे दोन खोटे असं क्वचितच असतं. तिन्ही आकडे तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात आणि बातमी लिहिणाऱ्याने ते सांगितलेलं नसतं. म्हणून ‘खरा आकडा कुठला’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. हा आकडा कुणी, कशासाठी आणि कोणत्या तारखेला लिहिला, हे आधी विचारा. आरोपांना आणि छायाचित्रांनाही हेच लागू आहे.

आकड्यांपासून सुरुवात करू, कारण तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकाशिओ व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी प्लेग ओळखला. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, तेच हे. सुरुवातीला सरकारी कागदांतही ‘प्लेग’ हा शब्द जपून वापरला जाई, ‘गाठीचा ताप’ असं लिहिलं जाई. पुढे शब्द स्वीकारला गेला, पण तोवर लोकांच्या मनात धास्ती बसली होती. घरात प्लेग आहे असं कळलं की माणूस इस्पितळात नेला जाणार, बाकीच्यांना सेग्रिगेशन कॅम्पात, म्हणजे वेगळं ठेवण्याच्या छावणीत हलवणार, घर धुऊन काढणार, अंथरूण-पांघरूण जाळणार. मग मृत्यू नोंदवताना घरच्यांनी प्लेगचं नाव घ्यायचंच टाळलं. ताप, हगवण, छातीचा आजार, काहीही सांगितलं. नोंदवहीत ‘प्लेग’ म्हणून उतरलेले मृत्यू हा तुमचा पहिला आकडा, आणि तो कमी असणारच.

दुसरा आकडा काढतात तो असा: त्याच आठवड्यात आधीच्या वर्षांत सरासरी किती माणसं जात होती ते बघायचं आणि प्लेगच्या वर्षीच्या एकूण मृत्यूंतून ती संख्या वजा करायची. उरलेले ते जादाचे मृत्यू. मुंबई महापालिकेचे आठवड्याचे तक्ते असल्यामुळे हे शक्य होतं. हा आकडा सत्याच्या जास्त जवळ जातो असं माझं मत आहे, पण त्यालाही एक मोठी मर्यादा आहे. शहर रिकामं होत होतं. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, १९०१ मध्ये ७,७६,००६. या दोन आकड्यांच्या मध्ये १८९७ च्या सुरुवातीला काही लाख लोक कोकणात, देशावर, गुजरातेत निघून गेले होते. मागे उरलेल्या माणसांत मृत्यूचं प्रमाण काढायचं तर भागायचं कितीने? आणि गावी जाऊन जी माणसं मेली ती मुंबईच्या तक्त्यात येतच नाहीत. त्यामुळे १८९७ साठी ‘हजारी इतके’ असा नेमका दर कुणी ठामपणे छापला असेल, तर त्याने कितीने भागलं हे विचारल्याशिवाय तो उचलू नका.

तिसरा घोळ साधा आहे, आणि छापील मजकुरात मला तो सगळ्यात जास्त वेळा दिसला आहे. ‘मुंबई’ म्हणजे मुंबई शहर की मुंबई इलाखा? इलाख्यात सिंध होता, म्हणजे कराची आलं. गुजरातचे जिल्हे होते, धारवाड-बेळगाव होतं. इंग्रजी अहवालात दोन्हींना एकच नाव असल्यामुळे इलाख्याचा आकडा शहराच्या माथी मारला जातो आणि शहरात प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त माणसं मेल्याचं छापून येतं. पाच-सहा वर्षांपूर्वी एका दैनिकाने माझ्याशी बोलूनही हेच केलं. मी फोनवर ‘इलाख्यात’ म्हणाले होते, छापताना तो शब्द गळला. दुरुस्ती आली नाही, आणि तोच आकडा पुढे तीन लेखांत फिरलेला मी वाचला. तेव्हापासून मी आकडे तोंडी देत नाही, लिहूनच पाठवते.

याला जोडून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मला मनापासून लागते. मराठी लेखांत प्लेग बहुधा सप्टेंबर १८९६ ला सुरू होतो आणि २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी पुण्याच्या प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली की संपतो. प्रत्यक्षात तेव्हा तो जेमतेम सुरू झाला होता. पुढच्या दोन-तीन दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं प्लेगने गेली. १९०७ या एका वर्षात दहा लाखांहून जास्त, आणि त्यात पंजाबचा वाटा सर्वांत मोठा. त्या मृत्यूंना चाफेकरांसारखी कथा मिळाली नाही, म्हणून ते आपल्या लेखांत येत नाहीत. तुमच्या लेखमालेत एक तरी भाग १८९७ नंतरचा ठेवा.

आता पुण्याची झडती, म्हणजे प्लेगचे रुग्ण शोधायला सोजिरांनी, गोऱ्या शिपायांनी, घरोघर घेतलेली. इथे तुम्हाला दोन उलट मजकूर मिळाले आहेत, आणि दोन्ही लिहिणारे एकाच प्रसंगाकडे बोट दाखवत असतील. तो प्रसंग गोखल्यांचा.

१८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. तिथे त्यांना पुण्याहून पत्रं येत होती. त्यांच्या आधारावर त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितलं की सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यातल्या एकीने पुढे जीव दिला. इंग्लंडात खळबळ उडाली. मुंबई सरकारने पुरावा मागितला. गोखले परत आले, पत्र लिहिणाऱ्यांना भेटले, पण उघडपणे साक्ष द्यायला कुणी पुढे आलं नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्या माफीचा डाग त्यांना पुढे बरीच वर्षं सोसावा लागला.

यातून एक लेखक लिहितो, “सोजिरांनी बलात्कार केले, गोखल्यांनी जगाला सांगितलं.” दुसरा लिहितो, “आरोप खोटे होते, गोखल्यांनी माफी मागितली.” दोघंही कागदात नसलेलं बोलतात. त्या माफीतून एवढंच सिद्ध होतं की गोखल्यांना त्या दोन घटना सिद्ध करता आल्या नाहीत. १८९७ च्या पुण्यात कुठली बाई, कुठलं घर, स्वतःचं नाव देऊन सरकारी चौकशीपुढे असं सांगायला उभं राहिलं असतं? म्हणून साक्ष न मिळणं म्हणजे घटना न घडणं, असं मी मानत नाही. पण म्हणून घटना घडलीच असंही छापता येणार नाही. तुमच्या वाचकाला हे तीन-चार वाक्यांत सरळ सांगा. वाचकाला अनिश्चितता पेलत नाही, हा संपादकांचा समज मला कधीच पटला नाही.

झडतीच्या पद्धतीबद्दल मात्र अंधारात चाचपडायची गरज नाही. सोजीर घरात शिरणं, देवघर-स्वयंपाकघरापर्यंत जाणं, सामान बाहेर काढून जाळणं, आजारी नसलेल्यांनाही कॅम्पात नेणं, या तक्रारी त्या वर्षीच्या मराठी वृत्तपत्रांत पानोपानी आहेत. ‘केसरी’ दर मंगळवारी निघे. मार्च ते जून १८९७ चे अंक ओळीने वाचा, सुटी कात्रणं वाचू नका. ओळीने वाचलं की कळतं, प्लेग आवरायला हवा याबद्दल ‘केसरी’चं दुमत नव्हतं. टिळकांनी स्वतः पुढाकार घेऊन हिंदूंसाठी प्लेगचं इस्पितळ उभं केलं. राग पद्धतीवर होता. निवडक उतारे वाचणाऱ्याला वाटतं की आपल्या लोकांचा उपायांनाच विरोध होता. ते अर्धसत्य आहे, आणि आपणच ते उगाळत बसतो.

हे अर्धसत्य कुठून आलं, त्याचं एक कारण कागदातच आहे. सरकार दर आठवड्याला देशी वृत्तपत्रांचा इंग्रजी गोषवारा तयार करवून घेई, ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स’. संशोधकांना तो सोयीचा पडतो: एकाच ठिकाणी, इंग्रजीत, सूचीसकट. पण सरकारला ज्याची भीती किंवा काळजी होती तेच त्या अनुवादकाने उचललं आहे. मूळ अंकात दोन स्तंभ स्वच्छतेवर, एक स्तंभ देणग्यांच्या यादीवर आणि अर्धा स्तंभ संतापाचा असेल, तर गोषवाऱ्यात अर्धा स्तंभ उरतो. मी स्वतः पहिली चार वर्षं केवळ या गोषवाऱ्यांवर विसंबून लिहिलं. नंतर मूळ अंक काढून बसले तेव्हा माझ्या एका निबंधातलं अख्खं प्रकरण बदलावं लागलं. जिथे मूळ मराठी अंक मिळतो तिथे गोषवारा वापरू नका.

आणखी एक चूक तुमच्या हातून होऊ शकते: आजचं ज्ञान १८९७ च्या माणसांवर लादणं. “इंग्रजांनी उंदीर मोकाट ठेवले आणि माणसं पकडली” असं वाक्य फार छापलं जातं. खेड्यापाड्यांत ‘उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं’ हे लोकांना माहीत होतं, हे खरं. पण उंदराच्या अंगावरची पिसू रोग माणसापर्यंत आणते हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, आणि त्यावरही डॉक्टरमंडळींचा लगेच विश्वास बसला नाही. १९०५ नंतर प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत काम करून ते पक्कं केलं. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर किती पिसवा येतात ते मोजलं. त्याआधी कार्बोलिक आणि चुना घेऊन घरं धुणारे अधिकारी त्यांच्या काळच्या समजुतीप्रमाणे वागत होते. त्यांच्या उद्दामपणाचा हिशेब जरूर मांडा, पण तो वेगळ्या वहीत.

माध्यमं चुकतात कशी, हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर १८९७ पेक्षा १९९४ बघा. तो काळ तुमच्या घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत वेड रोड भागात फुप्फुसाच्या प्लेगच्या बातम्या आल्या आणि काही दिवसांत लाखो लोकांनी सुरत सोडली. त्यात कामाला गेलेली आपली खान्देशातली माणसंही होती. टेट्रासायक्लिन हे प्लेगवरचं औषध दुकानांतून गायब झालं. परदेशी विमान कंपन्यांनी उड्डाणं थांबवली, खरं तर जागतिक आरोग्य संघटनेने प्रवासबंदीची शिफारस केलेली नव्हती. त्या दिवसांत छापलेले मृतांचे आकडे शेकड्यांत आहेत. अखेर नोंद झाली ती अशी: देशभरात ८७६ संभाव्य रुग्ण आणि ५४ मृत्यू. ‘संभाव्य’ हा शब्द बातम्यांतून पुन्हा पुन्हा गळतो, आणि त्याच शब्दावर सगळं उभं असतं.

इथे चूक दोन्ही बाजूंनी झाली. आधी आकडे फुगले. मग पुरावा लगेच मिळेना म्हणून “सुरतेत प्लेग नव्हताच” असे लेख आले, ते आजही फिरतात. नंतर प्रयोगशाळांत जिवाणूची ओळख पटली. २००० मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी जनुकीय चाचणीने तो यर्सिनिया पेस्टिस, म्हणजे प्लेगचाच जिवाणू असल्याचं दाखवलं. पण सहा वर्षांनी आलेल्या निष्कर्षाला पहिल्या पानावर जागा मिळत नाही. बीडहून रोग सुरतेला गेला, असंही तेव्हा सरसकट लिहिलं गेलं. तो दुवा कधी सिद्ध झाला नाही. म्हणून १९९४ बद्दल लिहिताना १९९४ ची कात्रणं लोक किती घाबरले हे दाखवायला वापरा. काय घडलं हे सांगायला नंतरचा अभ्यास घ्या.

चित्रांबद्दल. लेख कितीही नीट लिहिला तरी वर चुकीचं चित्र गेलं की वाचकाच्या डोळ्यांत तेच राहतं. चोचीचा मुखवटा घातलेला डॉक्टर सतराव्या शतकातल्या युरोपातला आहे. तो १३४८ च्या युरोपातल्या ‘ब्लॅक डेथ’ या प्लेगच्या लेखावरही चालत नाही आणि १८९७ च्या पुण्यावर तर अजिबात नाही. दुसरं चित्र म्हणजे अंगभर लाल ठिपके असलेले पाद्री आणि त्यांना आशीर्वाद देणारा बिशप. जगभर ते ‘ब्लॅक डेथ’ म्हणून छापलं जातं. ते ब्रिटिश लायब्ररीतल्या चौदाव्या शतकातल्या एका हस्तलिखितातलं आहे आणि ते रुग्ण कुष्ठरोगाचे आहेत. शेजारचा मजकूरच आजारामुळे काम न करू शकणाऱ्या पाद्र्यांबद्दल आहे. चित्र कापून घेताना मजकूर मागे राहिला, एवढंच झालं. आपल्याकडे हाच प्रकार १८९७ च्या छायाचित्रांचा होतो. मुंबईचे आणि कराचीचे प्लेगचे अल्बम उपलब्ध आहेत. त्यातली झोपड्यांची, तपासणीची, कॅम्पाची छायाचित्रं ‘पुण्यातला प्लेग’ म्हणून लागतात. अल्बमवरचं शहराचं नाव वाचल्याशिवाय ओळ लिहू नका.

परदेशातल्या बातम्यांबद्दल फार लिहीत नाही, पण एक उदाहरण हाताशी ठेवा. २०१८ मध्ये ओस्लोतल्या संशोधकांनी युरोपातल्या नऊ जुन्या साथींच्या मृत्यूंचे आलेख गणिती प्रारूपांशी ताडून पाहिले. माणसाच्या अंगावरच्या पिसवा आणि उवा रोग पसरवतात असं गृहीत धरलं तर बहुतेक साथींशी जास्त मेळ बसतो, असं त्यांना आढळलं. मथळे आले, “उंदीर निर्दोष”. अभ्यास युरोपाबद्दलचा, तोही प्रारूपाचा. परळला पिंजऱ्यांत आणि घरांत झालेल्या कामाला त्याने धक्का लागत नाही. पण मथळा भाषांतर होऊन मराठीत येतो तेव्हा युरोपही गळतो आणि प्रारूपही. तसाच तो ‘१७२०, १८२०, १९२०, २०२०, दर शंभर वर्षांनी महामारी’ हा व्हॉट्सअॅपवरचा मजकूर. १७२० चा मार्सेचा प्लेग खरा. बाकीच्यांत कॉलरा १८१७ चा आणि फ्लू १९१८ चा ओढूनताणून बसवला आहे. आणि ज्या साथीत आपली एक कोटीहून जास्त माणसं गेली ती १८९६ ची साथ त्या यादीत नाहीच.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून राहतील हेही सांगते. तुम्ही शहरावर लिहिणार असाल तर महापालिकेचे तक्ते आणि मुंबईच्या प्लेग समितीचा, म्हणजे गॅटेकर समितीचा १८९७ चा अहवाल पुरेसा आधार देतात. खेड्यांवर लिहिणार असाल तर एवढं तपशीलवार काही हाती लागेल अशी अपेक्षा ठेवू नका. १८९६ च्या मागे जाणार असाल तर आणखी जपून. बखरींत ‘मरी’ दिसली की प्लेग समजू नका. पटकीलाही, म्हणजे कॉलऱ्यालाही मरीच म्हणत, आणि मरीआईचा गाडा पटकीतही निघे. लक्षणं लिहिलेली नसतील तर ‘मोठी साथ’ एवढंच लिहा.

आता तुमच्या घरची गोष्ट. जन्ममृत्यूची गावची नोंद गाव नमुना १४ मध्ये असते. कुणबी नोंदी शोधताना ‘कोतवाल बुक’ हे नाव तुमच्या कानावरून गेलं असेल, तीच ही वही. ती तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असते, जुनी असेल तर मोडीत. सगळ्या गावांच्या सगळ्या वर्षांच्या वह्या टिकलेल्या नाहीत, त्यामुळे आधी गाव आणि त्या वेळचा तालुका नक्की करा. तालुक्यांच्या सीमा नंतर बदलल्या आहेत. घरात सन माहीत नसेल तर शके विचारा, किंवा ‘कुणाच्या लग्नाच्या वर्षी’, ‘माळावर झोपड्या टाकून राहिलो त्या वर्षी’ असं विचारा. जुन्या बायकांना ते जास्त नेमकं आठवतं.

वही मिळाली तर मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ‘प्लेग’ लिहिलेलं नसण्याचीच शक्यता जास्त, नुसतं ‘ताप’ असेल. निराश होऊ नका. त्या दोन नावांपुरतं थांबू नका, त्या पानावरची आणि मागच्या-पुढच्या दोन महिन्यांची सगळी नावं तारखांसकट उतरवून घ्या. एरवी महिन्याला दोन-तीन मृत्यू असलेल्या गावात पंधरा दिवसांत वीस उतरले असतील, एकाच आडनावाची चार-पाच माणसं लागोपाठ असतील, तर त्या ‘तापा’कडे वेगळ्या नजरेने बघायला आधार मिळतो. लेखात मात्र वहीतलं जसंच्या तसं छापा, आणि तुमचा अंदाज त्याखाली वेगळा लिहा. मोडी अडली तर पानाचा फोटो दिवसाउजेडी, फ्लॅश न वापरता, सरळ वरून काढून पाठवा. मी वाचून देईन.